एकमेव साक्षीदार



एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या व्यासपीठावरून पराक्रमाच्या गोष्टी सांगाव्यात, रक्तबंबाळ पट्टी डोक्याला बांधून पुन्हा मैदानात उतरलेल्या वीरांची नावे घ्यावीत आणि श्रोत्यांच्या टाळ्या वसूल कराव्यात, असा एक जुना शिरस्ता आहे. तो मोडण्याची परवानगी मी आरंभीच मागून घेतो. आज मला बोलायचे आहे ते मैदानाबाहेर बसवलेल्या खेळाडूविषयी. डोक्याला मार लागलेला, वरून धडधाकट दिसणारा आणि पुन्हा खेळात रुजू कधी व्हायचे याच्या निकालाची वाट पाहणारा हा खेळाडू. त्याच्या मनात या काळात काय चालते, आणि त्याच्या भोवतीची माणसे, म्हणजे आईबाप, प्रशिक्षक, सोबती, प्रेक्षक, अर्थात आपण सर्व, त्या मनाचे काय करून ठेवतो, एवढाच माझा आजचा विषय.

प्रथम इजेची ओळख करून देतो. लवकर आटोपतो, कारण वैद्यकाचा तास घेण्याचा माझा इरादा नाही. डोक्यावर, तोंडावर, मानेवर, कधी कधी तर अंगावरच जोराचा आघात होऊन त्याचा धक्का डोक्यापर्यंत पोहोचला की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो आणि त्याच्या व्यवहारात काही काळ बिघाड होतो. याला इंग्रजी वैद्यक कन्कशन म्हणते. आपण मेंदूचा हादरा म्हणू. शिरस्त्राणाने कवटी फुटण्याचे टळते, आतले हिंदकळणे टळत नाही. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या चित्रात दिसते, स्नायू फाटला तर सूज बोलते. हा हादरा मात्र नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये सहसा सापडत नाही, आणि खेळाडू बेशुद्ध पडलाच पाहिजे असेही नाही, किंबहुना बहुतेक जण पडतच नाहीत. मग तो ओळखायचा कशावरून? मुख्यतः खेळाडू काय सांगतो त्यावरून. डोके ठणकते, उजेड सोसत नाही, पाय अधांतरी पडल्यासारखे वाटतात, वाचलेले ध्यानात राहत नाही, उगाच रडू येते, उगाच राग येतो. हे सारे त्याचे त्यालाच ठाऊक. म्हणजे या खटल्यात साक्षीदार एकच, आणि त्याची साक्ष ज्या मेंदूने द्यायची तोच मेंदू जायबंदी झालेला.

हे किती विलक्षण आहे याची कल्पना यावी म्हणून एकच प्रसंग सांगतो. २०१४ सालच्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना, रिओचे माराकाना मैदान, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला ऐन वेळी सामी खेदिराच्या जागी उतरवलेले. पहिल्या वीस मिनिटांच्या आतच प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची जबर धडक त्याच्या तोंडावर बसली. तो उठला, खेळू लागला, आणि थोड्या वेळाने पंच निकोला रिझ्झोली यांच्याकडे जाऊन त्याने विचारले, की हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी जर्मन खेळाडूंना सावध केले आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. मधली सुमारे चौदा मिनिटे हा तरुण जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात धावत होता आणि आपण कोठे आहोत याचा त्याला पत्ता नव्हता. कोट्यवधी डोळे पाहत होते. किती जणांना दिसले?

मैदानाच्या कडेला अशा खेळाडूची जी तपासणी होते ती आपल्यापैकी कोणी जवळून पाहिली आहे का? डॉक्टर गुडघ्यावर बसून हळू आवाजात विचारतात: आपण आत्ता कोणत्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गोल कोणी केला? मागच्या सामन्यात आपण जिंकलो होतो का? मग काही शब्द सांगून ते पुन्हा म्हणायला लावतात. महिने उलटे म्हणायला सांगतात, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. मग एका रेषेवर टाचेला पायाचा अंगठा लावून चालायला लावतात. परीक्षा सोपी दिसते, पण तिच्यातही पळवाटा आहेत. हंगामाच्या आरंभी प्रकृती ठीक असताना जी आधारचाचणी घेतात, तिच्यातच काही खेळाडू मुद्दाम कमी गुण मिळवतात, म्हणजे पुढे मार लागला तर फरक दिसू नये! परीक्षेत नापास होण्यासाठी अभ्यास करणारे विद्यार्थी मी तरी अन्यत्र पाहिलेले नाहीत. हसू नका; हसण्यासारखे असले तरी हसू नका. ज्या माणसाला आपला मेंदू पणाला लावून मैदानावरची जागा राखावीशी वाटते, तो मूर्ख खचित नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो हिशेब त्याला आपणच शिकवला आहे.

अज्ञान हे सर्वांचे मूळ आहे, लोकांना माहिती दिली की काम झाले, असे मानणारा एक पक्ष आहे. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात माध्यमिक शाळांतील अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात असे निघाले की हादरा बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी तो कोणालाच सांगितला नव्हता. कारणे विचारली तेव्हा पुष्कळांनी, ही इजा एवढी गंभीर वाटली नाही, असे सांगितले. हे झाले अज्ञान. पण शेकडा चाळिसांहून अधिकांनी सरळ कबूल केले की सांगितले असते तर खेळातून काढले असते, म्हणून सांगितले नाही. याला अज्ञान कसे म्हणायचे? या मुलांना परिणाम पुरता ठाऊक होता. फक्त मेंदूचा परिणाम दूर होता आणि बाकावर बसण्याचा परिणाम त्याच संध्याकाळचा होता.

खेळाडूपणा हा अंगरखा नव्हे की घातला आणि काढला. दहाव्या-बाराव्या वर्षापासून ज्याचा दिवस सरावाने उजाडला आणि सरावाने मावळला, ज्याला शाळेत, गल्लीत, नातेवाइकांत ‘तो कबड्डीवाला’ म्हणून ओळखतात, त्याला तीन आठवडे बस म्हटले की नुसती विश्रांती मिळत नाही, त्याची ओळखच तहकूब होते. पाय मोडलेल्याला निदान प्लास्टर असते. ते पाहून लोक दार उघडून देतात, सोबती त्यावर सह्या करतात, मास्तर गृहपाठ माफ करतात. हादरा बसलेल्याजवळ दाखवायला काय असते? त्याला वर्गात आवाज सहन होत नाही, चार ओळी वाचून अक्षरे तरंगू लागतात, रात्री झोप येत नाही आणि दुपारी डोळे उघडत नाहीत. आणि त्याच वेळी शेजारची काकू म्हणते, हा तर चांगला दिसतो की! आपल्या दुखण्याचा पुरावा सतत देत राहावे लागणे हेच एक वेगळे दुखणे आहे. अशा काळात खिन्नता, चिंता, चिडखोरपणा ही येतातच. ज्याला आधीपासून अशा मानसिक त्रासाचा इतिहास आहे, त्याची प्रकृती पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागण्याचा संभव असतो, हे आता सर्वमान्य आहे.

मैदानात परतण्याच्या ओढीची ताकद पाहायची तर लॉर्ड्सवरचा २०१९ च्या ऑगस्टमधला सामना आठवा. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन स्मिथ ८० धावांवर खेळत असताना जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा चेंडू त्याच्या मानेवर, कानाच्या खाली बसला आणि तो मैदानावर आडवा झाला. पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच नाव आले असेल, फिलिप ह्यूज. पाचच वर्षांपूर्वी सिडनीत मानेवर असाच चेंडू बसून तो गेला होता. स्वतः स्मिथनेही पुढे सांगितले की त्या क्षणी तेच त्याच्या मनात आले. मानेच्या रक्षणासाठी शिरस्त्राणाला जोडायचा पट्टा त्या दिवशी त्याने लावला नव्हता, कारण त्याने आपला जीव कोंडतो असे त्याचे म्हणणे. डॉक्टरांनी तपासले, तो चाचणीत उत्तीर्ण झाला, आणि सुमारे पाऊण तासाने टाळ्यांच्या गजरात फलंदाजीला परतला. आल्याआल्या त्याने जोरकस फटके मारले. मग ९२ वर ख्रिस वोक्सचा सरळ येणारा चेंडू त्याने बॅट न लावता सोडून दिला आणि पायचीत झाला. चेंडू कोणता सोडायचा आणि कोणता खेळायचा याबाबत त्या काळी जगात ज्याचा हात धरणारा नव्हता, त्याने तो चेंडू सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गरगरू लागले, डोके जड झाले आणि तो सामन्यातून बाहेर पडला. लक्षणे उशिरा येऊ शकतात, हा या इजेचा सर्वांत खोडसाळ गुण.

पुढे जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. त्याच महिन्यात नवा नियम अमलात आला होता, की मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी त्याच तोलाचा बदली खेळाडू घेता येईल, आणि त्याला फलंदाजी-गोलंदाजीची मुभा असेल. स्मिथच्या जागी मार्नस लबुशेन आला. कसोटी क्रिकेटमधला हा पहिला असा बदली. त्याच्याही शिरस्त्राणाच्या जाळीवर आर्चरचा चेंडू आदळला. तो उठला आणि ५९ धावा करून गेला. स्मिथ पुढच्या कसोटीला मुकला आणि त्यानंतरच्या मँचेस्टरच्या सामन्यात त्याने २११ आणि ८२ धावा केल्या. मुद्दा धावांचा नाही. मुद्दा असा की खरे बोलल्याने संघ दहा माणसांवर येणार नाही, हे नियमाने ठरवून टाकले आणि खरे बोलण्याची किंमत एका फटक्यात कमी झाली.

पण नियम बदलला म्हणून लोक बदलतात काय? येथून फार दूर नाही त्या गहुंज्याच्या मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी इंग्लंडविरुद्ध सामना होता. मुंबईचा शिवम दुबे अर्धशतक करून गेला. शेवटच्या षटकात त्याच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला होता. त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. फलंदाजी-अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा, ही इंग्लंडची तक्रार होती, आणि ती विचारात घेण्याजोगी होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. २०२० साली कॅनबेऱ्यात जडेजाच्या जागी चहल येऊन सामनावीर ठरला तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. मात्र त्या गदारोळात ज्याच्या डोक्यावर चेंडू बसला त्या माणसाची विचारपूस किती झाली आणि त्याने सोंग केले काय याची चर्चा किती झाली, याचा हिशेब आपण आपल्याशीच करावा. बदली खेळाडूच्या पात्रतेवर वाद जरूर घाला. पण इजा झालेल्याच्या खरेपणावर जाहीर शंका घेतली, की ती दुबेपाशी किंवा जडेजापाशी थांबत नाही; ती त्याच रात्री दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रत्येक पोराच्या कानी जाते.

लोरिस कारियसची कहाणी याहून कडू आहे. २०१८ च्या मे महिन्यात कीव्हमध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या युरोपीय अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा हा गोलरक्षक. उत्तरार्धाच्या आरंभी सर्जिओ रामोसचे कोपर त्याच्या डोक्याला लागले; त्यानंतर त्याच्या हातून विश्वास न बसण्याजोगे दोन गोल झाले आणि सामना गेला. तो रडत रडत प्रेक्षकांची माफी मागत उभा होता. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्याच्या मेंदूला हादरा बसला होता आणि त्याने दृष्टी व अंतराचा अंदाज बिघडला असण्याचा संभव होता. यावर लोक काय म्हणाले? सबब आहे, म्हणाले. हरल्यानंतर सुचलेली सबब. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लिव्हरपूलसाठी तो पुन्हा अधिकृत सामना खेळला नाही. त्याने त्या क्षणी हात वर करून, मला दिसत नाही, असे सांगितले असते तर भित्रा ठरला असता. नंतर सांगितले तर लबाड ठरला. मग साक्षीदाराने तोंड उघडायचे केव्हा?

आपल्या घरचेही थोडे बोलू. कबड्डीच्या मैदानात चढाई करणाऱ्यावर चार जण तुटून पडतात, डोके जमिनीला लागते. पोर उठते, क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, कोणी तोंडावर पाणी मारते, कोणी कांदा हुंगवतो, ‘काही नाही रे, मुका मार आहे’ म्हणून पाठीवर थाप पडते आणि पुढची चढाई सुरू. या दृश्यात कोणी दुष्ट नसतो. पाणी मारणाऱ्याला पोराची काळजीच असते. परंतु त्या पोराच्या मागे काय उभे असते ते पाहा. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत शेकडा पाच जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. या दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत, त्यांनी किती घरांची चूल पेटवली आहे. पण पोलीस भरतीचा दरवाजा ज्या पदकाच्या दाखल्याने उघडायचा, ते पदक ज्या उपांत्य सामन्यावर अवलंबून, त्या सामन्यात ‘गुरुजी, मला दोन-दोन दिसतात’ असे म्हणण्याची छाती शेतमजुराच्या मुलाला कोठून व्हावी? लॉर्ड्सवरच्या स्मिथजवळ करार होता, डॉक्टर होता, बदली खेळाडू होता. याच्याजवळ एक दाखला आहे, आणि तोही अजून हाती आलेला नाही. धैर्याची भाषा आपण अशा ठिकाणी वापरतो तेव्हा गरजेलाच धैर्य म्हणत असतो.

आता परतीचा काळ. पूर्वी अशा रोग्याला अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायला सांगत. ते मत मागे पडले आहे. जगभरचे तज्ज्ञ दर काही वर्षांनी एकत्र बसून या विषयाचा फेरविचार करतात. २०२२ साली ते ॲम्स्टरडॅमला जमले. त्यांचे सांगणे असे की पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलके चालणे-फिरणे, मग हलका व्यायाम, मग एकट्याने सराव, मग सोबत्यांबरोबर पण अंगाला अंग न भिडवता, मग वैद्यकीय मंजुरीनंतर पुरता सराव, आणि अखेर सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास वाढला तर पुढे पाऊल नाही. विद्यार्थ्याने आधी पूर्णपणे वर्गात परतायचे, मैदान त्यानंतर. ही शिडी शहाणपणाची आहे. पण तिच्यावर पाय चढतात तसे मन चढतेच असे नाही.

विल पुकोव्हस्की हे नाव आपल्यापैकी क्रिकेटवेड्यांना आठवेल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा हा फलंदाज विलक्षण गुणाचा. शाळकरी वयात फुटबॉलच्या सरावात डोक्याला गुडघा लागला, तिथून मालिका सुरू झाली. मानसिक अस्वास्थ्यामुळे तो अधूनमधून खेळापासून दूर राहिला आणि तसे त्याने उघड सांगितले. २०२१ च्या जानेवारीत सिडनीला भारताविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले, ६२ धावा केल्या. तीच त्याची एकमेव कसोटी. २०२४ च्या मार्चमध्ये होबार्टला पुन्हा शिरस्त्राणावर चेंडू बसला, आणि २०२५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वैद्यकीय मंडळाच्या सल्ल्यावरून त्याने खेळ सोडला. त्याच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे हादरे १३. यातली काही लक्षणे आघाताची नसून आधीच्या आघातांनी मनावर कोरलेल्या भीतीची असावीत, असाही अभिप्राय मध्यंतरी तज्ज्ञांनी दिला होता. झाले! लोकांनी लगेच प्रश्न टाकला: म्हणजे मेंदूचे दुखणे की मनाचे? जणू मनाचे ठरले की दुखणे खोटे ठरते. दहा वेळा जो आपटला त्याच्या अंगाने अकराव्या वेळी चेंडू येण्याआधीच आपटण्याची तयारी केली, तर ती भ्याडपणाची निशाणी कशी? गरगरणे खरे, भीती खरी, आणि गरगरण्याच्या भीतीने येणारे गरगरणेही खरे. त्यावर उपचार मानसोपचारतज्ज्ञानेही करायचा असतो, आणि तो पहिल्या आठवड्यापासून मिळाला तर उत्तम. शेवटचा उपाय म्हणून नव्हे.

येथवर मी परतण्याच्या घाईविषयी बोललो. उलट बाजूही आहे, आणि तिचे उदाहरण आपल्याच नरी कॉन्ट्रॅक्टरांचे. १९६२ चा मार्च, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारतीय कर्णधाराच्या डोक्याला लागला. ही साधी हादऱ्याची गोष्ट नव्हती. कवटीला तडा गेला होता, प्राणावर बेतले होते. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिले, आपले पुण्याचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. माणूस वाचला. कवटीत बसवलेली धातूची पट्टी पुढे २०२२ साली काढण्यात आली. पण ऐका: हा अठ्ठावीस वर्षांचा माणूस बरा होऊन पुन्हा बॅट हाती घेऊन उभा राहिला, पुढे कित्येक वर्षे प्रथम श्रेणीचे सामने खेळला, ग्रिफिथला त्याने दोष दिला नाही, आणि कसोटीचा दरवाजा मात्र त्याच्यासाठी पुन्हा उघडला नाही. ३१ कसोट्यांवर कारकीर्द संपली. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्य होते की नव्हते, हा वाद मी करणार नाही. माझा आक्षेप एवढाच, की भीती खेळाडूची नसून निवडणाऱ्यांची असेल तर तीही लेखी, कारणांसह आणि खेळाडूच्या तोंडावर सांगितली गेली पाहिजे. न कळवता लागलेल्या निकालावर माणसाला दादही मागता येत नाही.

मग करायचे काय? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा २००६ साली शाळेच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही उत्तरार्धात पुन्हा खेळायला उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. तो कायमचा अपंग झाला. त्याच्या आईबापांच्या खटपटीने २००९ साली तेथे कायदा झाला, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. तरतुदी तीनच: खेळाडू व पालकांना आधी माहिती द्यायची, संशय आला की त्याच क्षणी बाहेर काढायचे, आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी दाखल्याशिवाय परत घ्यायचे नाही. यात खेळाडूच्या शौर्याला कोठेही जागा ठेवलेली नाही, हेच त्याचे खरे सौंदर्य. निर्णय त्याच्या हातून काढून घेतला म्हणजे अब्रूही त्याची शाबूत राहते. ‘मी बसलो नाही, मला बसवले’ असे त्याला सांगता येते.

या सभागृहात क्रीडा मंडळांचे चालक आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत, आणि मुलांना पहाटे उठवून मैदानावर सोडणारे पालक तर बहुसंख्य आहेत. सरकारी हुकमाची वाट न पाहता येत्या हंगामापासून आपल्या मंडळाच्या नियमपुस्तिकेत दोन कलमे घाला: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, आणि मार लागल्याचे ज्याने स्वतः सांगितले, त्याची संघातली जागा तो बरा होईपर्यंत राखून ठेवली जाईल. ही कलमे पहिल्या सरावाच्या दिवशी, मुलांच्या आईबापांसमोर, प्रशिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवावीत, एवढीच विनंती.